येनाची झाडं आणि सुकटीचा डबा

मला वाघ दाखवतो म्हणून नेलं होतं, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून आळीतली जी बाई भेटते ती विचारते, "काय हो, चांद्याकडे जाऊन आलात म्हणे, वाघ दिसला का?" दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच काढते. ज्यांना वाघाचं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं. या लिखाणात वाघ नाही. किडे आहेत.

आमचे हे पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांनी पाखरांचा नाद धरला. पाखरं म्हणजे पक्षी नव्हेत, दिव्यावर झडप घालतात ती. घरातल्या डांबराच्या गोळ्या माझ्या साड्यांना मिळेनाशा झाल्या, सगळ्या यांच्या खोक्यांत. त्यात आरमोरीचे एक मेश्राम गुरुजी शाळेची सहल घेऊन रत्नागिरीला आले, यांची खोकी बघितली आणि म्हणाले, "सर, आमच्याकडचं कोशाचं पाखरू पाहा. पंख पसरले का ताटलीएवढं. अन् पंखाले काचेची खिडकी." टसरचं रेशीम ज्या कोशापासून निघतं, त्यातलं पाखरू. झालं! यांची झोप उडाली. मला मात्र सांगितलं ते ताडोब्याचं.

पंच्याऐंशी साली दिवाळीच्या आधी निघालो. मी चातुर्मासात मासे सोडते. यांना मात्र माशाचा वास आल्याशिवाय घास उतरत नाही, म्हणून सोबत सुकटीचा डबा घेतला. म्हणजे जी वस्तू मला कार्तिकी एकादशीपर्यंत वर्ज्य, ती मांडीवर घेऊन मी अख्खा महाराष्ट्र ओलांडला. बसमधले लोक माझ्याकडे बघून नाकाला पदर लावत होते आणि हे खिडकीबाहेर बघत बसलेले, जसा काही डबा माझ्या माहेरचा.

मोहर्ली

ताडोब्याच्या वेशीवरच्या मोहर्लीला वनखात्याची गाडी बंद पडलेली होती. "उद्या होईल," असं आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी तितक्याच खात्रीनं सांगितलं. उकाडा असा की ऑक्टोबर आहे की मे ते कळू नये. संध्याकाळी यांनी विश्रामगृहाच्या मागच्या बाजूला माझी पांढरी चादर दोरीवर टांगली, पुढे कंदील ठेवला आणि पाखरं येण्याची वाट बघत बसले. चादरीचं दुसरं टोक धरून मी उभी. पाखरं आली ती सगळी आमच्या रत्नागिरीत येतात तीच.

सकाळी चौकीदार धावत आला. "अजी बाई, तुमी कुठी होत्या? काल सांजच्याले वाघ समोरच्या रस्त्यानं गेला ना! सगळ्यायनं पाह्यला!"

मी यांच्याकडे बघितलं. हे चादरीची घडी घालायला लागले. लग्नानंतर पहिल्यांदा या माणसाला चादरीची घडी घालताना मी तिथे पाहिलं.

आरमोरी

मेश्राम गुरुजी माणूस लाखातला. उंच, सावळे, बोलताना सारखे हसणारे. त्यांच्या घरी हॉलमध्ये बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली सगळी पुस्तकं. गुरुजींच्या मिसेसनी वरणभात, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी वाढली. जेवण छानच होतं, पण चार दिवस नारळाचं नखही पोटात गेलं नाही की कोकणातल्या बाईला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. मी तसं म्हटलं तर त्या हसल्या, "आमच्याकडे नारळ देवाले नाईतर पुढाऱ्याले."

जेवताना यांनी हळूच विचारलं, "मग गुरुजी, पाखरू कधी बघायचं?"

गुरुजींचा घास हातातच राहिला. "पाखरू? सर, पाखरू आता कुठी? ते आषाढात निंगते. आता झाडावर किडे हायेत. मी तुमाले सांगतलं होतं ना रत्नागिरीले!"

"सांगितलं होतं," हे ताटाकडे बघत म्हणाले. "पण अळीही बघण्यासारखी असते."

आता मी काय सांगू! शेवग्यावरचा सुरवंट दिसला तर मी खुर्चीवर चढते. त्या बाईला हा माणूस वाघाच्या नावाखाली, आगगाडी, यष्टी, पुन्हा यष्टी करत, जिल्ह्यापल्याडच्या जिल्ह्यात अळ्या दाखवायला घेऊन आला होता. मी त्या दिवशी यांच्याशी बोलणंच बंद केलं. यांच्या ते संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही, हा आणखी वेगळा संताप.

दशरथचं रान

दुसऱ्या दिवशी गुरुजी आम्हाला सायकल-रिक्षा, मग बैलगाडी, मग पायी असं करत ढिवरांच्या एका गावात घेऊन गेले. गावाला लागून मोठा तलाव, काठावर जाळी वाळत घातलेली, डोंगे उपडे केलेले. ते बघून यांचा चेहरा उजळला. ढिवर म्हणजे मासेमारी करणारे लोक, आमच्याकडच्या भोई-कोळ्यांसारखे. "आज ताजा मासा!" हे माझ्या कानात म्हणाले. मी बोलत नव्हते, म्हणून उत्तर दिलं नाही.

घर दशरथचं आणि त्याच्या बायकोचं, भागाबाईचं. भागाबाई पस्तिशीची, काटक, डोळ्यांत चमक. तिनं आमच्यापुढे ठेवलं काय, तर भात आणि तुरीचं पातळ वरण. त्यात तेलाचा थेंब नाही.

"मासोळी?" यांनी शेवटी धीर करून विचारलं.

भागाबाईनं जिभेला चावा घेतला. "अगं माय! नाव बी नोका घेऊ."

मग गुरुजींनी समजावलं. हे लोक वर्षभर मासे धरतात, पण येनाच्या झाडावर कोशाचे किडे सोडले की राखणारा माणूस मासेमटण सोडतो. तेल नाही, दाढी नाही, साबण नाही. झाडाखाली जमिनीवर निजायचं, बायकोपासून लांब. रानाभोवती गवताची दोरी बांधलेली असते, तिच्या आत बाईमाणसानं जायचं नाही. घरातही तोवर मासा शिजत नाही. किड्यांनी कोश बांधले की मगच तलावात जाळं पडायचं. येन म्हणजे आपला ऐन, साताऱ्याकडे ज्याच्या तुळया करतात तो. इथे त्याचा पाला हे किडे खातात.

"आमच्याकडे आता असं काई पाळत नाई," गुरुजी म्हणाले, "पण किडे त्यायचे, नेम त्यायचा. मी काऊन बोलू?" आणि संध्याकाळच्या आत शाळेच्या कामाला परत जायचं म्हणून आम्हाला रात्रीपुरतं तिथेच ठेवून ते निघून गेले.

यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मासेमाऱ्याच्या घरी, तलावाच्या काठावर, नुसता वरणभात! आठवड्याभरात मी पहिल्यांदा मनापासून हसले.

दुपारी भागाबाई नवऱ्याचं जेवण घेऊन रानाकडे निघाली, मीही गेले. मोहाच्या झाडाला बांधलेली ती दोरी आली तशी ती थांबली. पळसाच्या पानातला भात दोरीच्या पलीकडे सरकवला. पलीकडून दशरथ आला, दाढी वाढलेला, कमरेला पंचा, हातात गुलेल. कावळ्यांना आणि वेड्या राघूंना हाकलत त्याचा दिवस जायचा. दोघं दोरीच्या दोन बाजूंना बसून बोलले.

"सारी मेहनत तुमची दोघांची," मी भागाबाईला म्हटलं, "आणि तू मात्र बाहेर? माझी सासू मला असंच महिन्याचे चार दिवस पडवीत बसवायची. डोकं फिरायचं माझं."

"लगीन होऊन आली तवापासून मी दोरीच्या अलीकडूनच पाहून राह्यली," ती म्हणाली. तिला त्यात राग नव्हता, उलट काळजी होती. पावसाळ्यातली किड्यांची पहिली खेप जवळजवळ सगळी सडून गेली होती. उरल्यासुरल्या कोशांतून ही दुसरी. यातलेच चांगले कोश पुढच्या सालासाठी बियाणं म्हणून घरात टांगायचे असतात. "हे गेले का बियाणं बी गेलं बाई. सासऱ्यापासून चालत आलेलं काम इथीच सरते. मंग मालक रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडाले जाईन." मालक म्हणजे नवरा.

घरी आले तर गोठ्यामागे हे उकिडवे बसून डब्यातली सुकट बोटांनी खात होते. मला बघून डबा मागे लपवला. साठीच्या माणसानं!

ताप

आम्ही तिथून निघणार त्या सकाळी भागाबाई रानाकडून पळत आली. दशरथला हीव भरून ताप आला होता. आम्ही तिघं दोरीपाशी पोचलो तेव्हा तो काठीच्या आधारानं कसाबसा येऊन मोहाच्या बुंध्याशी पडला होता, दात कडकडा वाजत होते. यांच्याजवळ मलेरियाच्या गोळ्या होत्या, त्या दिल्या. पण त्याचं चित्त गोळ्यांत नव्हतं.

"पाला सरला," तो म्हणत होता. "किडे खाली उतरून राह्यले. आज हलवले नाई तर मुंग्या..."

आत बघितलं तर खरंच. पुढची झाडं नुसत्या काड्या झालेली. बोटाएवढ्या जाड हिरव्या अळ्या बुंध्यावरून खाली येत होत्या, आणि खाली लाल मुंग्यांची रांग. मागची झाडं पाल्यानं भरलेली होती. अळ्या बसलेल्या फांद्या तोडून त्या झाडांना नेऊन बांधायच्या, एवढंच काम. पण करणार कोण? गावातले बाकीचे राखणारे आपापल्या रानात, आणि दुसऱ्याच्या दोरीच्या आत पाऊल टाकायचं नाही, स्वतःचे किडे सोडून जायचंही नाही.

"मी जातो!" हे म्हणाले. सदऱ्याच्या बाह्या सरसावलेल्यासुद्धा. आयुष्यभराची इच्छा अशी समोर येऊन उभी राहिली म्हटल्यावर काय.

दशरथनं डोळे उघडले. "सर, आमच्या इथी आल्यावर मासोळी खाल्ली काय?"

यांनी माझ्याकडे बघितलं. मी यांच्याकडे. मनात म्हटलं, बोला नाही म्हणून! सिगारेट ओढून आल्यावर "नाही ओढली" असं तोंडावर सांगणारा हा माणूस. इथे एका शब्दानं या लोकांचं वर्ष वाचणार आहे.

"काल," हे खाली मान घालून म्हणाले. "सुकट. गोठ्यामागे बसून."

अहो, खरं बोलायला मुहूर्त तरी बघावा! मला रडावं की यांना झोडपावं तेच कळेना. दशरथनं भिंतीकडे वळावं तसं झाडाकडे तोंड फिरवलं. भागाबाई मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या आणि तिकडे अळ्या उतरतच होत्या.

मी म्हटलं, "अगं, मग तूच जा ना आत! जीव जातोय किड्यांचा, अजून दोरी काय धरून बसलीस?"

"मी नाई जाणार," ती म्हणाली. "मी गेली अन् किडे मेले, तर मालक जलमभर मले त्याच नजरेनं पाह्यतीन." तिचंही चूक नव्हतं. आणि मग एकाएकी तिचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली.

"बाई, तुमी मासोळी खाल्ली?"

"मी नाही खात. माझा चातुर्मास आहे."

"अन् बाहेर बसणं? अजून होते का बंद झालं?"

आमच्या यांच्यासमोर आणि त्या परक्या पुरुषासमोर! माझे कान तापले. "झालं बंद," मी म्हटलं. "केव्हाच."

"मालक!" भागाबाई ओरडली. "तुमची आजी राखे ना कोसे? म्हातारी झाल्यावर तिले दोरीच्या आत सोडे ना तुमचा बाप?"

दशरथनं मान वळवली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ते पांढऱ्या केसांची होती," तो कण्हत म्हणाला. "बाईचे केसं त काळे हायेत."

आता या प्रसंगी मी काय करावं? गेली कित्येक वर्षं दर महिन्याला दार लावून मी केसांना कलप लावते. आळीत एका बाईला माहीत नाही. माझ्या सुनेला माहीत नाही. आणि तिथे रानात, वाकून, भांगातले केस दोन्ही हातांनी फाकवून, मी त्या ढिवराला माझी पांढरी मुळं दाखवली. "बघ बाबा! कलप आहे तो! म्हातारीच आहे मी!"

"अगं माय, पांढरे हायेत!" भागाबाई आनंदानं टाळ्या पिटायला लागली. "मालक, म्हातारी हाये! पक्की म्हातारी हाये!" आमचे हेसुद्धा उत्साहानं म्हणाले, "हो हो, चांगली पंचावन्न पूर्ण." मेलं, कौतुक कशाचं होईल सांगता येत नाही.

दशरथनं हात जोडले. म्हणजे जा.

तलावात बुडी मारायला लावली मला. साबण नाही, तेल नाही, भागाबाईचं जुनेर नेसले आणि विळा घेऊन दोरी ओलांडली. पहिल्या झाडापाशी गेले आणि दोन पावलं मागे आले. जवळून तर ते किडे आणखीनच मोठे. हिरवेगार, गुबगुबीत, अंगावर बारीक केस आणि कुशीला चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे ठिपके.

"हात नोका लावू!" बाहेरून भागाबाई. "ओढलं त कातडं फाटते त्याचं! फांदीच तोडा!"

"कुसुम, पाय मोज गं त्याचे!" बाहेरून हे.

"तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. रत्नागिरीपासून तुंबलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर पडलं, फार बरं वाटलं.

फांदी तोडायची, उलटी न करता पलीकडच्या झाडापर्यंत न्यायची, पळसाच्या सालीनं बांधायची. बुंध्यावर उतरलेल्यांच्या तोंडापुढे पाल्याची डहाळी धरायची, की ते आपणहून चढतात. एक मेला डहाळी सोडून माझ्या मनगटावर चढला. थंडगार. घट्ट पकड. "अगं आई गं!" म्हणून मी किंचाळले, पण हात झटकला नाही. भागाबाईचं वर्ष माझ्या मनगटावर बसलं होतं, झटकू कशी? "उतर रे बाबा," मी त्याला म्हटलं, "तुझं जेवण तिकडे आहे, मी नाही." मग माझी बडबड सुरूच झाली. नातवंडांना जेवायला बसवताना ओरडते तशीच मी त्यांच्यावर ओरडत होते. तू सरक, तिला जागा दे, खाली काय आहे तुझं, मुंग्या खातील ना मेल्या!

ऊन कलेपर्यंत पुढची सगळी झाडं रिकामी झाली होती. काही मुंग्यांनी नेले, नाही असं नाही. पण बाकीचे नव्या पाल्यावर खायला लागले होते, आणि इतक्या तोंडांचा मिळून कुरकुर आवाज येत होता. मी खाली बसून तो ऐकत राहिले. पाठ मोडली होती, हातावर ओरखडे, जुनेर फाटलेलं. दोरीपलीकडे भागाबाई उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

आमचं निघणं लांबलंच; दशरथ उठेपर्यंत कावळे मीच हाकलले. गुलेल काही मला जमली नाही, पण माझ्या आवाजानं कावळे जात होते. हे म्हणाले, त्यात नवल नाही.

पुढे किडे पानं जवळ ओढून त्यांच्या आड कोश बांधायला लागले. आधी देठ, तोही फांदीभोवती कडं घालून पक्का केलेला, मग त्याला अंड्याएवढा कोश. शेवटच्या झाडावरचे कोश बांधून झाले त्या दिवशी दोरी सुटली, तलावात जाळं पडलं आणि भागाबाईनं अख्ख्या घराला पुरेल एवढा मासा शिजवला. दशरथनं दाढी केली तर एकदम पोरसवदा दिसायला लागला. हे चार वेळा वाढून घेत होते. आणि मी? कार्तिकी एकादशी अजून लांब होती. ज्या माशाची सगळ्यांनी वाट बघितली, तो माझ्यासमोर रटरटत होता आणि मी तुरीचं पातळ वरण भुरकत होते. माझ्या नशिबाला काय म्हणावं!

निघताना भागाबाईनं माझ्या हातात फांदीच्या तुकड्यासकट एक कोश दिला. "तुमच्या हातच्या झाडाचा हाये," ती म्हणाली. "बियाणाचे कोश टांगले आमी. मालक म्हणे, पुढच्या साली बाईले बलावजा. पण केसं काळे नोका करू जी. मले काय, मी त तुमाले ओळखतो, पण पाह्यणारे पाहून राह्यतेत ना."

रत्नागिरी

कोश मी देवघराच्या खिडकीत टांगला. यांना हात लावू दिला नाही.

कलप सोडला आहे. सून म्हणाली, "आई, एकदम काय झालं हो?" आळीतल्या बायका म्हणतात, प्रवास मानवला नाही वाटतं.

आषाढात एका संध्याकाळी हे भाजी आणायला गेले होते. मी वात लावायला देवघरात गेले तर कोशाचं टोक ओलं झालं होतं. बघता बघता त्यातून काहीतरी ओलसर, सुरकुतलेलं बाहेर आलं आणि फांदीला लोंबकळलं. मी वात लावली, दार लावून घेतलं आणि पाटावर बसले. पंख हळूहळू सुटत गेले. बदामी रंगाचे, ताटलीएवढे, आणि प्रत्येकात ती काचेची खिडकी. मागचा दिवा तिच्यातून दिसत होता. याला खायला तोंडच नसतं, थोडेच दिवस जगतं, हे यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. मनगटावर बसला होता तोच हा असेल का, असं उगीच वाटलं आणि डोळे भरून आले.

यांनी दार वाजवलं तेव्हा पंख पुरते पसरलेले होते. उघडल्यावर हे उंबऱ्यावरच थिजले, हातातल्या पिशवीतून पडवळ बाहेर लोंबत होतं. मग एकदम चिडले. आयुष्यभर हेच बघायचं होतं मला, पंख उघडताना, म्हणाले. "हाक का मारली नाहीस? आत का घेतलं नाहीस मला?"

"कसं घेणार?" मी म्हटलं. "दुपारी सुकट खाल्लीत ना तुम्ही?"